डिस्क मोकळी झाली, पण फोटो कुठे आहेत?

फील्डवर्कला निघालेल्या मुलांना मी हल्ली कॅमेरा कुठला ते विचारत नाही. 'लॅपटॉपवर आत्ता किती जागा मोकळी आहे?' हे आधी विचारते. बहुतेकांना सांगता येत नाही. 'असेल की! आणि फोटो तर क्लाउडवर जातात ना,' असं उत्तर येतं. दोन वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिलं असतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझं काम पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात चालतं. चांदणी चौक सोडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि मग पौडच्या वाटेवर कासार आंबोली. शहर या रस्त्याने पुढे सरकतंय. त्यात गावातली जुनी घरं, शेतांचे बांध, विहिरी यांचं काय होतंय हे मी पुनर्छायाचित्रणाने नोंदवते. म्हणजे काय, तर त्याच जागी उभं राहायचं, कॅमेरा त्याच उंचीवर, त्याच दिशेला धरायचा आणि दर काही महिन्यांनी तोच फोटो घ्यायचा. फोटो सुंदर आला नाही तरी चालतं. आधीचा आणि आताचा शेजारी ठेवून काय बदललं ते मोजता आलं पाहिजे. अशा कामात एका फेरीचा फोटो हरवला तर 'परत काढू' म्हणता येत नाही. ती तारीख गेली ती गेली.

चौथ्या फेरीत माझे २३० फोटो गेले.

झालं असं. संध्याकाळी खोलीवर आले तेव्हा कार्डवर बाराशेच्या आसपास फोटो होते, सगळे रॉ. लॅपटॉप २५६ जीबीचा, त्यात मोकळे जेमतेम तीस. क्लाउडवर चालणारं एक एडिटिंग सॉफ्टवेअर मी तेव्हा वापरत होते. नाव सांगत नाही, कारण गाढवपणा माझा होता. इम्पोर्ट सुरू केलं आणि जेवायला गेले. परत आले तर स्क्रीनवर फोटोंच्या चौकटी रांगेने दिसत होत्या. झालं काम, असं वाटलं. डिस्क भरल्याची सूचना आली होती, ती 'नंतर बघू' म्हणून बंद केली. सकाळी लवकर निघायचं होतं, दुसरं कार्ड जवळ नव्हतं, म्हणून तेच कार्ड फॉरमॅट केलं आणि दिवसभर त्यावर नवे फोटो काढले. पुण्याला परतल्यावर मोजायला बसले, तेव्हा शेवटचे २३० कुठेच नव्हते. लॅपटॉपवर नाहीत, क्लाउडवर नाहीत, आणि कार्डवर त्यांच्या जागी दुसरे फोटो लिहिले गेलेले.

त्या २३० मध्ये एका जुन्या घराची मागची भिंत होती, कोनाड्यांची. पुढच्या फेरीला गेले तेव्हा ती पाडून झाली होती. घरच्या काकांना विचारलं तर त्यांनी मोबाइलमधला एक फोटो शोधून दिला. लग्नातला ग्रुप फोटो, आणि मागे पाहुण्यांच्या डोक्यांमधून अर्धी भिंत. मोजमापाला त्याचा उपयोग शून्य.

तेव्हापासून या सॉफ्टवेअरांकडे मी जरा संशयाने बघायला लागले. चूक माझीच होती. पण ती चूक इतकी सहज कशी झाली, याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या रचनेत आणि त्याच्या भाषेत सापडतं, असं माझं मत आहे. आपण संशोधक एखादी प्रश्नावली वापरण्याआधी तिची गृहीतकं तपासतो. फोटो ठेवायच्या साधनाची मात्र तपासत नाही.

उदाहरणाला अॅडोबीचं लाइटरूम घेते, कारण त्याची सेटिंग्ज आणि त्यांचं स्पष्टीकरण कुणालाही वाचता येतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने लाइटरूमच्या दोन वाटा केल्या. डिस्कवरच्या फोल्डरांवर चालणारं जुनं सॉफ्टवेअर 'लाइटरूम क्लासिक' झालं, आणि लाइटरूम हे मूळ नाव नव्या, क्लाउडवर आधारलेल्या सॉफ्टवेअरला मिळालं. लॅपटॉप घेतला, वर्गणी भरली आणि नुसतं 'लाइटरूम' उघडलं, की तुम्ही या दुसऱ्या वाटेवर असता. ते पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

या वाटेवर फोटो कसा प्रवास करतो ते बघा. कार्ड लावलं, 'अॅड' म्हटलं, की मूळ फाइल थेट क्लाउडवर जात नाही. आधी ती तुमच्या डिस्कवर कॉपी होते. मग तिथून, नेट जसं असेल त्या वेगाने, वर चढते. वर पोहोचली की सॉफ्टवेअर डिस्कवरची मूळ फाइल काढून टाकू शकतं आणि जागेवर फक्त प्रीव्ह्यू ठेवतं. म्हणजे जागा वाचते हे खरं, पण ती शेवटी वाचते. सुरुवातीला संपूर्ण कार्ड मावेल एवढी जागा लागतेच. कार्डवर ३६ जीबी असतील तर ३६ जीबी, शिवाय प्रीव्ह्यूंसाठी थोडी वर. 'क्लाउड' हा शब्द नेमका हा मधला मुक्काम झाकतो. एसटीत मागच्या दाराने चढून पुढच्या दाराने उतरायचं असलं तरी मधल्या गर्दीत उभं राहायला जागा लागतेच की!

सेटिंगमध्ये एक टक्केवारी असते: मोकळ्या जागेपैकी किती जागा या सॉफ्टवेअरने वापरावी. नवशिक्यांना वाटतं, इथे २५ टक्के ठेवलं की लाइटरूम त्याच्या पुढे जाणारच नाही. पण ते लक्ष्य आहे, कुलूप नव्हे. जी फाइल अजून वर गेलेली नाही ती डिस्कवरून काढता येणारच नाही. काढली तर फोटोच गेला. त्यामुळे नेट मंद असेल तेव्हा ही टक्केवारी शोभेपुरती उरते. शिवाय ती मोकळ्या जागेची टक्केवारी आहे, डिस्कच्या एकूण आकाराची नाही. तुम्ही शेजारी दहा जीबीचे मुलाखतींचे व्हिडिओ आणून टाकलेत की गणित बदललं. (२५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ का दिसते, हे विचारणारे दरवर्षी भेटतात. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणून. चोरी कुणी केलेली नाही.)

आता नेटचं. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल ३० एमबीची धरू. बाराशे फोटो म्हणजे ३६ जीबी. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळाला, तर सेकंदाला ०.६२५ एमबी वर जातात, म्हणजे सगळं चढायला १६ तास. मुळशीत पावसाळ्यात डोंगराच्या आडोशाला मोबाइल हॉटस्पॉटवर २ एमबीपीएस मिळाले, तर ४० तास. तेही लॅपटॉप चालू राहिला, लाइट गेली नाही आणि डेटाचा पॅक संपला नाही तर. व्हिडिओ झरझर दिसतो म्हणून नेट चांगलं आहे असं समजू नका. तो डाउनलोडचा वेग. अपलोडचा बहुतेक ठिकाणी त्याहून पुष्कळ कमी असतो, आणि या कामात तोच लागतो. फील्डला जाण्याआधी एकदा मोजून बघा, फुकट होतं.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. हे साधन ज्याला डोळ्यांपुढे ठेवून बनवलंय तो माणूस शूट संपवून घरी येतो, वेगवान नेटला लॅपटॉप जोडतो आणि झोपतो. सकाळी सगळं वर गेलेलं असतं. त्याच्यासाठी ही रचना खरोखर उत्तम आहे, हे मान्य करते. रंग, सावल्या सुधारण्याचं त्याचं काम तर मला आजही आवडतं, आणि मूळ फाइलला हात न लावता सगळे बदल वेगळे ठेवण्याची पद्धत संशोधनासाठीही योग्यच आहे. पण सलग चार दिवस फील्डवर, रोज नवं कार्ड, रात्री मंद नेट असा आपला क्रम असतो. त्यात पहिल्या दिवशीचे फोटो वर चढायच्या आत दुसऱ्या दिवशीचे डिस्कवर येऊन बसतात. जागा मोकळी करणारं यंत्र आपल्याकडे जागा अडवणारं ठरतं. आणि या सगळ्या काळात मूळ फाइलची एकमेव प्रत तुमच्या लॅपटॉपवर असते, चहाच्या कपाशेजारी.

दुसरा आक्षेप शब्दांवर. अपलोड पूर्ण झालं की लाइटरूम 'सिंक झालं, बॅकअप झाला' अशा अर्थाचा मजकूर दाखवतं. सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं. तुम्ही मोबाइलवर एक फोटो चुकून डिलीट केलात, तर तो लॅपटॉपवरूनही जातो आणि क्लाउडवरूनही. डिलीट केलेले फोटो ६० दिवस परत आणता येतात, ही सोय चांगली आहे. पण पीएचडीत आपण एखाद्या फेरीचे फोटो ६० दिवसांच्या आत परत उघडून बघतो का? मी तर प्रकरण लिहायला घेईपर्यंत बघत नाही. बॅकअप म्हणजे अशी प्रत, जी तुमच्या चुकीने पुसली जात नाही.

ऑगस्ट २०२० मधलं उदाहरण तुम्ही कदाचित वाचलं असेल. आयफोन-आयपॅडवरच्या लाइटरूमचं ५.४ अपडेट आलं आणि ज्या लोकांचे फोटो क्लाउडवर सिंक झालेले नव्हते, त्यांचे ते फोटो आणि प्रीसेट गेले. कंपनीने चूक कबूल केली, सुधारित आवृत्ती काढली, पण गेलेले फोटो परत आणता येणार नाहीत हेही सांगितलं. मला यात कंपनीला झोडपण्यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नेमके कुठले फोटो गेले? मधल्या मुक्कामावर अडकलेले.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जागा वाचवण्यासाठी डिस्कवर जो 'स्मार्ट प्रीव्ह्यू' राहतो, त्याची लांब बाजू २५६० पिक्सेलची असते. मूळ २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४०००. गणित केलंत तर प्रीव्ह्यूत मूळच्या पिक्सेलांपैकी पाचवा हिस्साही उरत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, एडिटही तसंच होतं. त्यामुळे आपण मूळ फाइलवर काम करतोय की तिच्या छोट्या भावावर, हे नेट बंद होईपर्यंत कळत नाही. भिंतीतली भेग कुठून कुठे गेली, विटेचा आकार केवढा, हे मला प्रीव्ह्यूत दिसत नाही. शिलालेखावर काम करणाऱ्या मैत्रिणीला घासलेलं अक्षर दिसत नाही. मोडी कागद वाचणाऱ्यांची तर पंचाईतच. मोडीत अक्षरं एकमेकांत गुंतलेली, आणि एखाद्या फाट्यावरून शब्द ठरतो.

इतिहासवाल्यांना हा भेद नवा नाही. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दफ्तरं शोधत, नकला करून घेत आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून छापत. ती छापील पानं अनमोल आहेत. पण त्यांत आपल्याला राजवाड्यांनी काय वाचलं ते कळतं. कागदावर खरोखर काय आहे अशी शंका आली, तर मूळ कागदच काढावा लागतो. म्हणूनच १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं आणि तिथे मूळ कागद जपले गेले, हे फार मोठं काम आहे. प्रीव्ह्यू ही नक्कल आहे. कामचलाऊ, उपयोगी, पण नक्कल. मौखिक परीक्षेत कुणी 'मूळ फाइल दाखवा' म्हटलं आणि तुमची वर्गणी संपलेली असली तर? (वर्गणी संपल्यावर वर्षभर मूळ फाइल उतरवून घेता येतात, असं कंपनी सांगते. पीएचडी किती वर्षं चालते ते तुम्हाला माहीत आहे.)

मग करायचं काय? मी जे करते ते सांगते. तुमच्या कामाप्रमाणे बदल करून घ्या.

कार्डवरून थेट सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायचं मी बंद केलं. आधी साध्या कॉपीने सगळं एका बाहेरच्या एसएसडीवर जातं. फोल्डरचं नाव तारीख आणि गाव, बास. मग कार्डवरच्या फाइल आणि फोल्डरमधल्या फाइल मोजायच्या. संख्या जुळली, एकूण एमबी जुळले, की दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत. हे दोन्ही झाल्याशिवाय कार्डला हात नाही. आणि कार्डं दोन ऐवजी चार ठेवली आहेत. चार दिवसांची फेरी असेल तर पहिलं कार्ड घरी येईपर्यंत तसंच राहतं. कार्डाची किंमत आणि परत फील्डला जाण्याचा खर्च यांची तुलना करा, आणि पाडलेल्या भिंतीची किंमत त्यात धरूच नका.

यानंतर निवड. ऑक्टोबर २०२३ पासून लाइटरूममध्ये 'लोकल' नावाचा कप्पा आलाय. त्यात डिस्कवरचं फोल्डर इम्पोर्ट न करता सरळ उघडता येतं, फोटो एडिटही करता येतात, आणि तुम्ही सांगेपर्यंत काहीही वर जात नाही. केलेले बदल त्याच फोल्डरमध्ये, रॉ फाइलच्या शेजारी छोट्या फाइलमध्ये साठतात. वरचे माझे निम्मे आक्षेप या एका सोयीने सौम्य होतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तक्रार एवढीच, की ही सोय सहा वर्षांनी आली, आणि सॉफ्टवेअर हातात घेणारा नवा माणूस अजूनही आधी क्लाउडच्याच दाराने आत जातो. मी लोकलमध्ये बाराशेतून साधारण २६० निवडते आणि तेवढेच क्लाउडवर घालते. ३६ जीबीचे पावणेआठ-आठ होतात, आणि ५ एमबीपीएसला १६ तासांऐवजी साडेतीन तास लागतात. बाकीचे ९४० टाकून देत नाही हं! ते एसएसडीवर आणि हार्ड डिस्कवर असतातच.

लॅपटॉपच छोटा असेल, तर मूळ फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवायचं सेटिंग लाइटरूममध्ये आहे. 'सगळ्या मूळ फाइलींची प्रत इथे ठेव' असंही सांगता येतं. पण त्याचं कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू आतल्या डिस्कवरच राहतात, त्यामुळे आतली डिस्क कधीच काठोकाठ भरू देऊ नका. माझा स्वतःचा ठोकताळा: कार्डवर जेवढं आहे त्याच्या दुप्पट जागा आतल्या डिस्कवर मोकळी नसेल, तर त्या रात्री इम्पोर्टच करायचं नाही.

निवडून वर पाठवण्याचं आणखी एक कारण आहे, त्याचा डिस्कशी संबंध नाही. माझ्या फोटोंत माणसं असतात. ओट्यावर बसलेल्या आजी, शाळेतून येणारी मुलं. मी त्यांना संमतीपत्र वाचून दाखवलं तेव्हा 'फोटो फक्त अभ्यासासाठी' असं म्हटलं होतं. बाराशेच्या बाराशे फोटो, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांसकट, दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवताना मी त्यांना हे सांगितलं होतं का? नव्हतं. आता संमतीपत्रात एक वाक्य वाढवलंय, आणि ओळखू येणारे चेहरे असलेले फोटो मी क्लाउडवर घालत नाही. तुमच्या विभागाची नीतिसमिती असेल तर हा प्रश्न फील्डला जाण्याआधीच विचारून घ्या.

मोबाइलवरच सगळं काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला बंद झाली. आता १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. तिथे 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर फोटो दाबून लहान केला जातो, आणि १६ मेगापिक्सेलहून मोठा असेल तर तेवढ्यावर आणला जातो. त्यानंतर तुम्ही 'फ्री अप स्पेस' दाबलंत की मोबाइलमधली मूळ फाइल जाते आणि वर उरते ती लहान केलेली. ग्रंथालयात बसून कागदपत्रांचे फोटो काढणाऱ्यांनी हे सेटिंग आजच बघा.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पुणेकरांना हा नियम पुस्तकातून शिकायची गरज पडू नये. ८ जानेवारी २००३ ला, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी रिळं जळून गेली. रिळं जपण्यासाठीच तिथे ठेवलेली होती. क्लाउड या नियमातली 'दुसऱ्या ठिकाणची एक' म्हणून झकास आहे. पण जागा वाचवायच्या नादात तुम्ही बाकीच्या दोन काढून टाकल्यात, की तीही 'एकुलती एक' होते, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल तुमचं अभिनंदनच करतं: डिस्क मोकळी झाली!

परवा एका ज्युनिअरने विचारलं, 'ताई, मग घेऊ का वर्गणी? का एसएसडी घेऊ?' दोन्हींचे पैसे नसतील तर आधी एसएसडी, असं मी सांगितलं. त्याने विचारलं, किती जीबीची? मी म्हटलं, एका फेरीत किती फोटो काढतोस, किती फेऱ्या करणार, गुणाकार कर आणि मग ये. तो अजून आलेला नाही.

माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात त्या कोनाड्यांच्या भिंतीसमोर फेरी १, २, ३ आणि ५ अशा नोंदी आहेत. पाचव्या फेरीत नुसता दगडमातीचा ढीग. चौथ्याच्या खणात काय लिहू, असं मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'जे झालं ते लिही.' तिथे आता 'मूळ फाइल उपलब्ध नाही' असं लिहिलंय, आणि त्यामुळे भिंत तिसऱ्या फेरीनंतर केव्हातरी पडली, एवढंच मला प्रबंधात म्हणता येतं.